आचलच्या हातचा खर्रा

नाचणगावात गजेंद्रभाऊंच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या मागोमाग खर्रा यायचा, आणि तो घोटायची आचल. सातवीतली पोर. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायची आणि तळहातानं असा घोटायची की पानठेल्यावाल्यानं बघत राहावं. चुना जास्त झाला तर पाहुण्याची जीभ पोळते, म्हणून आधी चिमूटभर स्वतः चाखायची. तिसरीपासून चाखत होती. "आचलच्या हातच्या खर्ऱ्याचा नादच नाई करायचा," असं पाहुणे म्हणायचे आणि गजेंद्रभाऊंची छाती फुगायची. आता बोला! कौतुक कशाचं करावं यालाही काही धरबंध हवा की नको?

शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून भाषणाला उभे कोण, तर हेच गजेंद्रभाऊ. गालात खर्रा. "पोरायनो, गांजा, दारू, कशालेच शिवू नका. आमच्या घरात दारूचा थेंब येत नाई," असं ठणकावून सांगितलं, मध्येच खिडकीतून एक पिचकारी मारून आले, आणि टाळ्या घेऊन आपल्या दुकानावर निघून गेले. माणूस खोटं बोलत नव्हता. खर्रा म्हणजे नशा, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

मग आचलच्या वर्गाच्या छाया मॅडम उठल्या. त्यांनी भाषण केलं नाही. "तीन बोटं जोडा, उभी धरा आणि तोंडात घालून दाखवा," म्हणाल्या. खी खी करत सगळ्यांनी घातली. आचलची दोनच गेली. जबडा ताणला तर गाल आतून दोरी ओढल्यासारखा कडक लागला. शेजारची सोनम हसली, आचलही हसली. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

सुट्टी झाल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "तिखट खाल्लं की आग होते का गं?"

"होते ना मॅडम. आता वरण-भातच जाते मले."

"खर्रा खातेस?"

"नाई. नुसता चाखून पाह्यतो."

मॅडमनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तोंड आतून आवळत चाललंय. आत्ता थांबलीस तर डॉक्टर काही करू शकतील, नाही तर एक दिवस घासही आत जाणार नाही, आणि त्याच्या पुढे कॅन्सर आहे. "हीसुद्धा नशाच आहे, आचल. बाबांनी आणून दिली म्हणून ती दुसरं काही होत नाही."

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला हवं म्हणाल्या, तर गजेंद्रभाऊ भडकलेच. "माझी पोरगी नशा करते म्हनता? पोरीची जात हाय, उद्या हिले कोन करन? पुन्हा असा शब्द तोंडातून काढू नका!" मॅडमना चहाही न विचारता वाटेला लावलं. पोरीचं तोंड मिटत चाललंय, आणि बापाला काळजी तिच्या लग्नाची! आचल मात्र त्या दिवसापासून रोज आरशासमोर उभी राहून बोटं घालून पाहायची. दोनच जायची. तिला फार भीती वाटायची.

पुढच्या रविवारी तिच्या मोठ्या बहिणीचं, मेघाचं साक्षगंध होतं. हिंगणघाटहून मुलाकडची मंडळी आली. अंगणातल्या मांडवात होणारे व्याही प्रभाकरराव ऐसपैस बसले. गजेंद्रभाऊंनी हौसेनं हाक मारली, "आचल, पाहुण्यायले खर्रा घोटून आन!"

आचल सामानाचं ताट घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "मी नाई घोटत."

पाहुण्यांना गंमत वाटली. "काऊन वं? पाहुणे पसंत नाई काय?" प्रभाकरराव हसले.

"माझं तोंड मिटून राह्यलं, काका. तुमच्यासाठी चाखून चाखून मिटलं. आता मी घोटत बी नाई आन चाखत बी नाई."

स्वयंपाकघराच्या दारातून आई हातवारे करून तिला आत बोलावत होती. गजेंद्रभाऊ दातओठ खात जवळ आले. "पाहुण्यायसमोर माझं नाक कापतं काय?"

"नाक गेलं तं जाऊ द्या! मले तोंड पाहिजे!"

आणि तिनं सगळ्यांच्या देखत ते ताट मांडवाकडेच्या नालीत उपडं केलं. शाब्बास! डोळ्यांत पाणी होतं, पण ताट शेवटपर्यंत झटकलं पोरीनं.

साक्षगंध काही मोडलं नाही. साडी झाली, साखर झाली, पाहुण्यांनी पानठेल्यावरून खर्रा मागवला आणि खाऊन गेले. फक्त गजेंद्रभाऊ दिवसभर आचलशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून तयार झाली. "मॅडमसंग सेवाग्रामले जातो. त्या बसस्टँडवर थांबणार हायेत," आईला म्हणाली. गजेंद्रभाऊ गालात खर्रा धरून ओट्यावर बसले होते. "उंबरा ओलांडला तं पाय तोडीन," ते गुरगुरले. आचलनं चपला घातल्या आणि निघाली. मागून आता हाक येईल, आता दगड येईल, असं वाटत होतं. तरी ती पुलगावच्या बसस्टँडची वाट चालत राहिली.

अर्ध्या वाटेवर मागून मोटरसायकल आली आणि तिच्यापुढे आडवी उभी राहिली. गजेंद्रभाऊ होते. गाल अजून फुगलेलाच. तिच्याकडे न बघता म्हणाले, "बस. मॅडमले सांगू घरी जा म्हनून. मीच नेतो तुले."

आचल बसली नाही.

"पयले थुका," ती म्हणाली.

गजेंद्रभाऊंचे डोळे तांबारले. आजवर घरात कुणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. हात उचलला की काय, असं वाटलं. आचल जागची हलली नाही. मग गजेंद्रभाऊंनी मान वळवली, रस्त्याच्या कडेला थुंकले आणि गाडीला अडकवलेल्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली.

मग आचल मागे बसली.