एक दाता मागे

"फिरव," मिस्त्री म्हणाला. "हळू. सुईत दोरा ओवतेयस असं समज."

"बाबा, मी जन्मात सुईत दोरा ओवलेला नाही," मुलगी मोटरसायकलच्या मागून म्हणाली. "आईनं ओवून ठेवलेल्या सुयाच वापरल्यात."

"मग कशीही फिरव. पण हळू."

मोटरसायकल घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टँडवर चढवलेली होती. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर. प्लग काढलेले, गिअर शेवटचा टाकलेला, म्हणजे मागचं चाक हातानं फिरवलं की आत इंजिनही फिरणार. मुलगी चाकामागे पाटावर बसली होती आणि मिस्त्री इंजिनाच्या बाजूला जुन्या चादरीवर आडवा झाला होता, कोपर जमिनीला टेकवून, टॉर्च गालाशी धरून. खालच्या पुलीवर एक ठिपका होता आणि इंजिनाच्या अंगावर एक रेघ. ठिपका रेघेसमोर आला की थांबायचं.

"अजून. अजून थोडं. थांब."

चाक थांबलं. मिस्त्रीनं टॉर्च विझवली आणि तो हाताच्या आधारानं उठून बसला.

शेजारचे कंपाउंडर कुंपणाच्या भिंतीवरून डोकावले. दवाखान्यातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत.

"काय मिस्त्री, ऑपरेशन का?"

"हो. तुम्ही भूल द्यायला आलात का?"

"मी नुसता बोलायला लागलो तरी पेशंट झोपतो, असं आमची ही म्हणते." कंपाउंडरांनी सुट्या भागांवर नजर फिरवली. "पण पोरी, एवढ्या लांब जायचंय तुला. वर्कशॉपला टाकली असतीस तर यांचे गुडघे तरी वाचले असते."

"मी तेच म्हणत होते, काका."

मिस्त्री ताण देणाऱ्या पुलीचे नट सैल करत होता. कंपाउंडरांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते आत गेले.

मुलीची बदली झाली होती. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती, आणि नवी लॅब एका दिवसाच्या प्रवासावर. गाडी मी नेते म्हणाली, तेव्हा मिस्त्रीला बरं वाटलं होतं. तो आता चालवत नव्हता. बायको गेल्यापासून एकट्यानं कुठे जायचं, हेच त्याला सुचत नसे. "ने," तो म्हणाला होता, "पण आधी पट्टे बदलायचे."

या इंजिनाला दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला एक दातेरी रबरी पट्टा. खालची पुली फिरते, पट्टा वरची पुली फिरवतो, वरची पुली व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते. पट्टा दिसायला धडधाकट असला तरी काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. तो तुटला किंवा चुकीच्या दात्यावर बसला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात आणि धावत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी जाम होऊ शकतं. मग वर कोण बसलंय ते इंजिन बघत नाही.

मुलीला हे ठाऊक होतं, म्हणूनच ती वर्कशॉपचं म्हणत होती. वर्षभरात बाबांच्या हातून काय काय झालं तेही तिला ठाऊक होतं. दूध गॅसवर ठेवून ते अंगणात जाऊन बसले आणि पातेलं जळून काळं झालं. एकदा किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं. एकदा तिलाच फोन करून म्हणाले, आईला दे जरा.

"पट्टे मी लावणार," मिस्त्रीनं सांगितलं होतं. "या इंजिनाला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

"लावा. पण मी समोर बसून बघणार. मला खात्री वाटली नाही तर गाडी सरळ वर्कशॉपला. मग रुसायचं नाही."

"रुसायला मी काय जावई आहे?"

असं ठरून दोघं कामाला लागले होते.

जुने पट्टे निघाले. मिस्त्रीनं पुल्या फडक्यानं पुसल्या, वरच्या दोन्ही पुल्या त्यांच्या खुणांवर आणल्या आणि नवे पट्टे चढवले. जन्मभर त्यानं पावाच्या कारखान्यातल्या मशिनी दुरुस्त केल्या होत्या. त्याच्या हातांना घाई माहीत नव्हती. पट्टा आणि ताण देणारी पुली यांच्यामधून त्यानं षटकोनी सळईची ॲलन की सरकवून पाहिली. ती किंचित अडत, पण निघाली.

"हा ताण बरोबर. बोट लावून बघ."

मुलीनं पट्टा दाबून पाहिला. "कडक वाटतो."

"नवा आहे. तूही लॅबमध्ये पहिल्या दिवशी अशीच असशील."

ती हसली. मिस्त्रीला वाटलं, झालं आपलं काम. त्यानं तिला पुन्हा चाक फिरवायला लावलं, इंजिन काही वेळा पूर्ण फिरू दिलं, मग खाली वाकून ठिपक्याची वाट पाहिली आणि "थांब" म्हणाला. वरच्या खुणा बघितल्या. दोन्ही आपापल्या जागी, केसाचाही फरक नाही.

"बघ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा चढला. "याला म्हणतात काम."

मुलीनं फोन काढला. "थांबा, फोटो घेते. पुढच्या वेळी मला लागतील." तिनं वरच्या खुणांचे फोटो घेतले, मग पोटावर झोपून खालच्या पुलीचा घेतला. उठून बसली आणि फोनवर दोन बोटं फाकवून बघत राहिली.

"बाबा, खालचा ठिपका रेघेवर नाहीये."

"फोटो तिरका आला असेल."

"तिरका नाहीये. तुम्ही बघा."

मिस्त्री पुन्हा चादरीवर आडवा झाला. टॉर्च लावली. ठिपका रेघेच्या अलीकडे होता. बरोबर एक दाता मागे. वरच्या पुल्या खुणेवर आणि खालची एक दाता मागे, म्हणजे दोन्ही पट्टे चुकीचे बसले होते.

तो तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "तू आधीच थांबलीस."

"तुम्ही थांब म्हणालात तेव्हा थांबले."

"आधीच थांबलीस. मी ठिपक्याकडे बघत होतो."

"बाबा, माझा हात चाकावर आणि कान तुमच्याकडे होता. पाहिजे तर पुन्हा करू."

पुन्हा केलं. चाक फिरलं, ठिपका वर येऊ लागला, मिस्त्री "थांब" म्हणाला. चाक तिथल्या तिथे थांबलं. ठिपका रेघेच्या अलीकडे.

तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या तोंडून शब्द निघताना नीट ऐकला. ठिपका अजून पोचायचा होता आणि तो "थांब" म्हणून मोकळाही झाला होता.

मग त्याच्या ध्यानात आलं.

या पाटावर दर खेपेला मुलीची आई बसायची. ती शिवणकाम करायची, लोकांच्या कपड्यांच्या उंच्या कमी-जास्त करून द्यायची. मशीन थांबवलं की सुई कापडातून वर यावी म्हणून ती हातचाक आणखी थोडं पुढे लोटायची. दिवसातून शंभरदा. तो हात मोटरसायकलच्या चाकावर आला तरी तसाच चालायचा. "थांब" म्हटल्यावर थांबायची, पण आणखी थोडं पुढे लोटून. सुरुवातीला मिस्त्री चिडायचा. ती म्हणायची, "थांबलेच की मी." मग कधीतरी तोच आधी सांगायला लागला. ठरवून नाही, बोलून नाही. तो जरा आधी सांगायचा, ती जरा नंतर थांबायची, आणि ठिपका रेघेवर यायचा. मग पुन्हा वाकून बघायची गरजच पडत नसे. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, आपला डोळा अचूक आहे.

तो उठून बसला. हात फडक्याला पुसत राहिला. काळं निघत नव्हतं, तरी पुसत राहिला.

"तू बरोबर थांबलीस," तो म्हणाला. "मीच आधी सांगत होतो."

"का?"

"तुझ्या आईचा हात पुढे जायचा. जरासा. मी तिला सांगायचो तसं तुला सांगितलं."

मुलगी चाकावर हात ठेवून बसली होती. तिनं हात काढला नाही.

"वर्कशॉपला ने," मिस्त्री म्हणाला. "मी रुसणार नाही. ठरलं होतं आपलं. हे असं बसवून तू हमरस्त्याला लागली असतीस म्हणजे..."

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली.

"आईला सांगायचं ते आईला सांगून झालं," मुलगी म्हणाली. आवाज कोरडा ठेवायचा तिनं प्रयत्न केला होता. "आता मला सांगा. तुम्ही म्हटल्यावर मी लगेच थांबते. लॅबमध्ये थेंब मोजून टाकावे लागतात, माझा हात पुढे जात नाही."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. मग पाना उचलला, ताण देणाऱ्या पुल्या सैल केल्या आणि दोन्ही पट्टे उतरवले. तिनं मदतीला हात पुढे केला, तेव्हा त्यानं एक पट्टा तिच्या हातात धरायला दिला.

चादरीवर आडवं होऊन त्यानं टॉर्च लावली. "फिरव."

ठिपका खालून वर येऊ लागला. "थांब" त्याच्या जिभेवर आला. त्यानं ओठ मिटून धरले. ठिपका आणखी जवळ आला. एवढ्या अंतरात मुलीची आई होती. तेवढं अंतर त्यानं डोळे न मिटता जाऊ दिलं आणि ठिपका रेघेवर आला तेव्हा म्हणाला, "थांब."

चाक थांबलं. त्यानं पाहिलं. टॉर्च हलवून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "आता तू ये. तूही बघ."

तिनं बघितलं. पट्टे चढले, ताण लागला, नट आवळले. खुणा तपासताना या वेळी खाली ती वाकली आणि वर तो. दोघांनी आपापलं पाहून एकमेकांना सांगितलं. झाकणं बसली, प्लग बसले. गाडी सुरू झाली तेव्हा मिस्त्री इंजिनाकडे कान लावून उभा राहिला, डॉक्टर उभे राहतात तसा. बराच वेळ. मग त्यानं मान हलवली.

कंपाउंडर पुन्हा भिंतीशी आले. "पेशंट वाचला का?"

"वाचला," मुलगी म्हणाली. "डॉक्टरही."

तिनं हेल्मेट चढवलं आणि गाडी शेडबाहेर काढली. मिस्त्री फाटक उघडायला गेला.

"बाबा, तुमचं हेल्मेट घ्या. मागे बसा."

"मी? मागे?"

"मग काय टाकीवर? तुम्ही लावलेत ना पट्टे? चला, एक चक्कर मारू."

त्यानं हेल्मेट आणलं. मागच्या सीटवर चढायचं कसं, तेच त्याला उमगेना. आधी चुकीचा पाय उचलला, मग तिच्या खांद्याला धरून कसाबसा बसला. पाय लोंबकळत राहिले. मागचे फूटरेस्ट त्यानंच बसवलेले होते, पण ते इथून कुठे सापडतात हे त्याला माहीत नव्हतं. बुटाच्या टोकानं चाचपडून त्यानं एक उघडला, मग दुसरा.

गाडी निघाली. इंजिनाचा आवाज खालून एकसारखा येत होता. समोर मुलीच्या हेल्मेटची मागची बाजू होती, आणि रस्ता दिसत नव्हता. तो बघायला मिस्त्री एका बाजूला झुकला.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली. "गाडी हलते."

तो सरळ झाला. हात मांड्यांवर ठेवले आणि समोरच्या हेल्मेटकडे बघत, अजिबात न हलता बसून राहिला.