काचेपलीकडचे दोघे

घरात मला भोचकभवानी म्हणतात, आणि त्यात अन्याय काही नाही. शेजारच्या काकू वहिनीशी बोलायच्या का थांबल्या, आमचे डॉक्टर सारखं पेनचं टोपण का चावतात, हे कळल्याशिवाय मला घास गिळवत नाही. बाबांनी मात्र निक्षून सांगितलं होतं, "मानसशास्त्राला प्रवेश मिळाला तर ठीक. नाही तर उद्यापासून काकाच्या फरशीच्या दुकानात." काका चांगला आहे हो, पण फरशीला कुठे मन असतं?

म्हणून मी मुलाखतीचं उत्तर घोटून घोटून पाठ केलं. आधी दादासमोर, आणि तो पळून गेल्यावर आरशासमोर.

"मानसशास्त्रच का?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"मला लोकांना मदत करायची आहे."

बाईंनी जांभई दाबली. सकाळपासून हेच ऐकत असणार, बिचाऱ्या. मग त्यांनी मला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे भिंतीत मोठी काच होती. पलीकडच्यांना तिचा आरसा दिसतो, आपल्याला मात्र आरपार दिसतं. पलीकडे एक तरुण आणि एक तरुणी बोलत बसले होते. आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे त्यांना माहीत होतं. आवाज तेवढा बंद होता.

"काय चाललंय ते सांग," बाई म्हणाल्या.

हा तर माझ्या हातचा मळ! ती डोळे पुसत होती. तो जबडा आवळून छताकडे बघत होता. मी ठोकून दिलं, "यांचं लग्न मोडतंय. तिला कळलंय, त्याला बोलायचा धीर होत नाहीये."

बाईंनी बटण दाबलं आणि खोलीत हसू घुमलं. ती हसून हसून रडत होती! दोघं सख्खी भावंडं, विभागाचेच जुने विद्यार्थी. लहानपणी आईचा नवा चष्मा लपवून तिलाच तो दिवसभर शोधायला लावला होता, त्याची गोष्ट चालली होती.

मी पार तोंडावर आपटले. क्षणभर डोळ्यांपुढे फरशाच फरशा आल्या. पण क्षणभरच.

"मग हा का हसत नाहीये?" मी विचारलं.

"तुझं उत्तर चुकलं."

"साफ चुकलं! म्हणूनच तर विचारतेय. आई एकच, चष्मा एकच, मग ही लोळतेय आणि हा असा? त्याला तेव्हा मार बसला होता का? का ही दरवेळी वेगळंच सांगते?" माझं नाक काचेला टेकलं होतं. चुकण्यात एवढी मजा असते हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर शिपायाने पुढच्या मुलाला हाक मारली.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या.

"थांबा ना, तो बोलणारे! ओठ हलले बघा!"

बाईंनी आवाज बंद केला. मी जवळजवळ किंचाळलेच. "अहो, असं नका ना करू! एवढंच सांगा, तो का नाही हसला?"

बाई आता काचेकडे पाठ करून माझ्याकडेच बघत होत्या.

"ते पहिल्या दिवशी वर्गात विचार."

"पहिला दिवस कधी आहे?" मी लगेच विचारलं, आणि मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.