वळ्याचं माप

शकुबाईची एक गंमत होती. रतनच्या तोंडाकडं बघून कुणी "पोरगी नक्षत्रासारखी हाय" म्हटलं की तिची छाती फुगायची, आणि त्याच माणसाची नजर जरा खाली घसरली की तीच छाती धडधडायला लागायची. रतनचं नाक तरतरीत, डोळे पाणीदार, चालणं ऐटीचं, पण हात? हात हे शकुबाईचं दुखणं होतं. वरकुट्याचा मळा भाजीचा, वांगी-भेंडी-गवार, म्हणजे रोजचं पाणी आलं. घरात पोरगा नाही. नवऱ्याची, रामहरीची, कंबर कायम धरलेली. मग मोट हाकायला कोण? रतन. पाचवीत गाडी अडकली, म्हणून शाळा सुटली तेव्हापासून मोटेचा नाडा तिच्या हातात. तळवे चरबट झाले, बोटं जाड झाली, पेरांना गाठी आल्या. गावात त्याचं कुणाला काही नव्हतं, सगळ्यांचेच हात तसले. पण सांगून आलेलं स्थळ पडलं वालचंदनगरच्या क्वार्टरातलं. पोरगा हिंदुराव, कारखान्यात फिटर, महिन्याच्या महिन्याला पगार.

बघायला यायच्या दिवशी शकुबाईनं पोरीला तंबी दिली, "हात पदराखाली. वटी भरतानाबी भाईर काढायचं न्हाईत."

"आन पव्हं कशानं देऊ? पायानं?" रतन म्हणाली.

पोहे शेवटी चुलतीनं दिले. पोराची आई प्रयागबाई पांढऱ्या खणाची टापटीप बाई, बोलणं क्वार्टरातलं, 'आहे' आणि 'नाही' अगदी धुऊन घडी घातलेलं. तिनं पोरीला चालायला लावलं, नाव विचारलं, पदरात ओटी घातली आणि पसंत म्हणून टाकलं. सुपारी फुटली. जाताजाता ती म्हणाली, "साखरपुड्याला नवरीला हिऱ्याची अंगठी घालीन म्हणते. आमच्याकडे साहेबांच्या बायका घालतात सुनेला. माझ्या आईची सात खड्यांची कुडी आहे. जोडीतली दुसरी हरवली, ही एकटी पडून आहे. हिच्यातला एक खडा काढायचा. नवरीच्या बोटाचं माप तेवढं द्या, एखादी अंगठी असेल तर बरंच."

रतनच्या बोटात सात जन्मांत अंगठी नव्हती. शकुबाई आत गेली, दोरा घेतला, आणि दोरा हातात धरून उभीच राहिली. हा एवढा लांब दोरा त्या बाईच्या हातात कसा द्यायचा? मग तिनं डबा उघडला. तळाला तिचं स्वतःचं लग्नातलं सोन्याचं वळं होतं. बोटातलं, साधं, बिनखड्याचं. तिनं मनाशी म्हटलं, नवरीच्या बोटाचं माप मागितलंय न्हवं? मग ह्ये नवरीचंच हाय की. म्या काय खोटं बोलले? माणसाला स्वतःला फसवायचं असलं म्हणजे अक्कल कशी धावून येते बघा! साखरपुड्यापर्यंत पोरीला मोटेवर जाऊ द्यायचं नाही, बोटं आपोआप उतरतील, असाही हिशेब तिनं जोडला, आणि वळं प्रयागबाईच्या हातात ठेवलं. रामहरीला कशाचा पत्ता नाही.

आठ दिवसांत मध्यस्थ म्हस्कू सायकल दामटत आला. "ईनबाईंनी बोलीवलंय. बाजारादिवशी बारामतीला, रावजीशेट सराफाच्या दुकानात. पोरीला घिऊनच या म्हणल्या. त्यास्नी कायतरी शंका हाय."

"शंका कसली?" रामहरीनं विचारलं.

"ते म्या इचारलं न्हाय. पर तोंड चांगलं न्हवतं."

शकुबाईला सगळं कळलं. एसटीत बसल्यावर तिनं पदराआडून वाटी काढली आणि रतनच्या हातांना साय चोळायला घेतली.

"आये, आता साय लावून काय हुतंय? बारामतीपातूर इरजण लागायचं हाय व्हय?"

"गप बस. तुझं लगीन मोडायला आलंय."

रतननं तोंड खिडकीकडं फिरवलं. रागावली की ती अशीच तोंड फिरवून बसायची, आणि ते शकुबाईला जास्त लागायचं.

दुकानात पांढरी गादी, पुढं काचेची पेटी, भिंतीला लक्ष्मीची तसबीर. प्रयागबाई आधीच येऊन बसली होती. म्हस्कूनं रामहरीला चहाच्या निमित्तानं बाहेर काढलं. मायलेकी टेकल्या न टेकल्या तोच प्रयागबाईनं वळं गादीवर ठेवलं. रतननं ते ओळखलं.

"हे तुमच्याच मुलीचं?"

शकुबाईनं मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही.

"शेटजी, सांगा तुम्ही."

रावजीशेट भिडस्त माणूस. त्यांनी वळं बोटानं जरासं ढकललं. "बाई, हे माप आठ-नऊ वर्षांच्या मुलीचं आहे. अंगठी करायला माझी ना नाही. पण मला विचारावं लागलं, की नवरी केवढी?"

"ऐकलंत?" प्रयागबाईचा आवाज चढला. "म्हणजे दाखवलीत एक आणि उभी करणार दुसरीच? तिची धाकटी बहीण? का हीच, आणि माप कुणाचं तरी चोरून दिलंत? नवा कायदा आलाय लग्नाचा. लहान पोरगी पाटावर बसवली आणि कुणी अर्ज केला, तर माझ्या पोराच्या नोकरीचं काय? मला खरं काय ते सांगा, नाहीतर सुपारी परत घ्या."

सुपारी परत! परतलेल्या पोरीला गावात कोण काय म्हणतं ते शकुबाईला ठाऊक होतं. तिच्या जिभेवर खोटं तयारच होतं. "अवं ईनबाई, तसं न्हाय. पोरीच्या हाताला जरा सूज..."

"सूज न्हाय," रतन म्हणाली. तिनं पदराखालून दोन्ही हात काढले आणि पांढऱ्या गादीवर सरळ पसरले. "मोट हाकती मी. माज्या हाताची लाज वाटली, म्हून आयेनं तुमास्नी तिचं वळं दिलं."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर शकुबाई आनंदानं गेली असती. सायीनं ते हात आणखीच चकाकत होते, एकेक गाठ उठून दिसत होती. रावजीशेटनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि एकेक कडी रतनच्या अनामिकेत घालून बघायला लागले. सगळ्या पेरावर अडकल्या. बायकांच्या जुडग्यातली शेवटचीसुद्धा जाईना. त्यांनी खाकरून पेटीतून दुसरा जुडगा काढला, पुरुषांचा. त्यातली एक गेली.

"बसली," रावजीशेट म्हणाले, आणि त्यांचा धंदा सुरू झाला. त्यांनी चिमट्यानं कुडीतून काढलेला एक खडा उचलून रतनच्या बोटावर ठेवला. "हे बघा. नाजूक बोटाला एक खडा, तारेएवढी पट्टी, वर उचललेलं कोंदण, म्हणजे शोभतं. पण ह्या हातावर हा एकटा म्हणजे भाकरीवर चिकटलेला तीळ. दिसायचाच नाही." प्रयागबाई वाकून बघत होती. खरंच दिसत नव्हता. "ह्या हाताला रुंद पट्टी पाहिजे आणि वर सातही खड्यांचं फूल. कोंदण बसकं, चारी बाजूंनी बंद. नाड्यात, पदरात कुठं अडकायचं नाही. आणि असा हात हिरा पेलतो, बरं का. बारीक बोटावर एवढं फूल ठेवलं तर नुसतं ओझं दिसतं."

"सातही?" प्रयागबाई म्हणाली. बाकीचे सहा खडे तिनं स्वतःच्या नथीसाठी राखले होते. तिनं एकदा कुडीकडं बघितलं. शकुबाई मनातल्या मनात म्हणत होती, संपलं, आता ही बाई उठणार.

प्रयागबाई उठली नाही. तिनं रतनच्या बोटातून ती कडी काढली आणि स्वतःच्या बोटात घालायला लागली. पेरावर जरा अडली, मग खाली उतरली आणि घट्ट बसली. शकुबाईनं तो हात आज पहिल्यांदा नीट बघितला. त्या दिवशी ओटी भरतानाही ती बाई दोन बोटांनी पदराचं टोक धरून होती, हे तिला आत्ता आठवलं.

"कऱ्हाटीला आमचा ऊस हुता," प्रयागबाई म्हणाली. क्वार्टरातली भाषा कुठल्या कुठं गेली. "लगीन झाल्यापासनं खुरपं ह्या हातात. मालकास्नी नोकरी लागली, क्वार्टरात आलो, आन तवापासनं ह्यो हात पदराखाली ठिवायला शिकले मी. कुणी सांगितलं न्हवतं. आपलं आपणच." तिनं कडी काढून सराफाच्या पुढ्यात ठेवली. "शेटजी, सातही लावा."

"आणि पट्टी? कुडीतलं सोनं पुरायचं नाही. वरून घालावं लागेल."

प्रयागबाई घोटाळली. तेवढ्यात शकुबाईनं गादीवरचं वळं उचललं आणि तराजूकडं सरकवलं.

"ह्ये घाला त्यात."

"अवं ईनबाई, लग्नातलं हाय तुमच्या!"

"व्हय. नवव्या वर्षी घातलं. दुसऱ्या वर्षी बोटात जाईना, म्हून काढून ठिवलं. वाढवून घ्या म्हणाया तवा तोंड न्हवतं, आन पुढं कुणाला आठवण न्हाय." शकुबाईनं रतनच्या हाताकडं बोट केलं. "पोरीच्या बोटात तरी मोठं हुंदे त्ये."

रतननं आईकडं बघितलं. मग सायीनं बुळबुळीत झालेला आपला हात तिनं आईच्या हातावर ठेवला, गादीवर, सगळ्यांच्या देखत. कुणीच हात मागं घेतला नाही. रावजीशेटनी वळं तराजूत टाकलं आणि वजनं शोधायला लागले.