डेसी, ऐकते आहेस ना?

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात असतो तसा चकचकीत, बिनतारी माइक मी नव्हे. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूने चेपलेली आहे आणि माझ्या वायरीला जागोजागी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावात, पोलाद कारखान्याच्या धुराड्यांखाली माझे सगळे आयुष्य गेले. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी सांगतो ते सगळे कानांनी गोळा केलेले आहे.

माझा जन्म झाला तेव्हा एका कामगार बाईने माझ्या पोटात केसाहून बारीक तार गुंडाळली. ती काम करताना सतत खोकत होती, एवढेच मला तिच्याविषयी आठवते. मग मला खोक्यात घालून प्वेब्लोला पाठवले. इथल्या पोलाद कामगारांच्या संघटनेने आपल्या सभागृहासाठी मला विकत घेतले होते.

ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते. संपाच्या काळात पुढाऱ्यांचे आवाज माझ्यातून गर्जत. असाच एक पुढारी रागाच्या भरात मला टेबलावर आपटून गेला आणि माझी जाळी चेपली. शनिवारी त्याच सभागृहात लग्ने होत. स्लोव्हेनियन म्हातारे अकॉर्डियन वाजवत, मेक्सिकन मामेलोक नवरीचे कौतुक करताना मध्येच रडत. "हा माइक कुजबुजसुद्धा मागच्या रांगेपर्यंत नेतो," असे लोक म्हणत, आणि मला फार अभिमान वाटे.

पुढे बिनतारी माइक आले. मला नाताळच्या दिव्यांच्या माळांबरोबर एका खोक्यात घालून तळघरात ठेवले. वर पावलांचे आवाज येत, गाणी येत, टाळ्या येत. हळूहळू तेही कमी झाले. कारखान्यातली माणसे कमी झाली होती. शेवटी सभागृह विकायचे ठरले.

ते आवरायला दोघेजण तळघरात उतरले. एक टोनी म्लाकार. हा कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा सभागृहाची देखरेख करायचा. दुसरी कोरीन अबेटा, तिथे साफसफाई करणारी बाई. माझ्या अंगावरची धूळ पहिल्यांदा तिने पुसली. तिचा आवाज इतका बारीक होता की मलाही कान द्यावा लागला.

"काल नगर परिषदेच्या सभेला मी होतो, कोरीन," टोनी म्हणाला.

"मग तुम्ही बघितलंतच."

"बघितलं."

"घरून सगळं पाठ करून गेले होते. माझं नाव पुकारलं, उभी राहिले, आणि तोंडातून शब्दच फुटेना. वेळ संपली म्हणून त्यांनी पुढच्याचं नाव घेतलं." तिने फडके झटकले. "नदीकाठचे बेघरांचे तंबू उठवायचं ठरवलंय त्यांनी. माझी डेसी तिथेच आहे कुठेतरी. मला एवढंच सांगायचं होतं, की उठवाल तेव्हा तिथल्या पोरी जाणार कुठे ते आम्हाला सांगा."

टोनीने मला खोक्यातून बाहेर काढले आणि तिच्या हातात दिले.

"हा घेऊन जा, पोरी. याच्यासमोर बोलायला शीक."

डेसी, म्हणजे डेसिरे, कोरीनची एकुलती एक मुलगी. ती म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात काम करत होती. एका आजोबांना उचलताना तिची पाठ धरली. डॉक्टरांनी दुखणे थांबवणाऱ्या, सवय लावणाऱ्या कडक गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, पण गोळ्या सुटल्या नाहीत. मग डॉक्टरांनी देणे बंद केल्यावर ती रस्त्यावर चोरून नशा विकणाऱ्यांकडून घेऊ लागली. घरात भांडणे झाली, वस्तू नाहीशा झाल्या. एका संध्याकाळी बापाने, लिओने, तिला घराबाहेर काढले. तेव्हापासून ती आर्कान्सा नदीच्या काठावर, पुलाखालच्या तंबूंमध्ये राहत होती. फोन तिने कधीच विकला होता. त्या घरात तिचे नाव कोणी काढत नसे.

कोरीनने मला घरी नेले आणि कपड्यांच्या कपाटात बसवले. जाड कोटांमुळे तिथे बाहेरचा आवाज येत नसे. ती एक बादली पालथी घालून त्यावर बसायची. तिची बहीण यवॉन केस कापायच्या दुकानात कामाला होती आणि तिची जीभ तिच्या कात्रीसारखीच चालायची. तिने मला एका डबीतून संगणकाला जोडले. पॉडकास्ट करायची कल्पना तिचीच. आपले बोलणे इंटरनेटवर ठेवायचे, ज्याला हवे त्याने हवे तेव्हा ऐकायचे.

पहिल्या दिवशी कोरीन माझ्यापुढे बसली आणि गप्पच राहिली. दुसऱ्या खेपेसही तसेच. यवॉनने ते लावून ऐकले.

"छान. श्वासोच्छ्वासाचा पहिला भाग तयार झाला."

"मला नाही जमणार, यवॉन."

"कुंपणावरून शेजारणीशी तासभर बोलतेस, आणि इथे कोटांना घाबरतेस?"

"शेजारणीला मी काय सांगते? हवापाणी. लहानपणी घरात बाबा बोलायचे, लग्नानंतर लिओ बोलतो. मला कधी कुणी विचारलंय?"

यवॉनची थट्टा थांबली. "मग जगाशी बोलूच नकोस," ती म्हणाली. "डेसीशी बोल. ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसलीय आणि तू भांडी घासतेयस, असं समज."

ती दार लावून बाहेर गेली. बराच वेळ मला कोटांची सळसळ तेवढी ऐकू आली. मग कोरीन बोलली.

"डेसी, ऐकते आहेस ना? आज हिरव्या मिरच्या भाजून आणल्या. पोतंभर. तुझा बाप म्हणतो, या वर्षी तिखट नाहीत. डोळ्यातून पाणी गळतंय, नाक पुसतोय, आणि म्हणतो तिखट नाहीत."

ती हसली आणि त्याच श्वासात रडू लागली. पण थांबली नाही. रडत रडतच तिने सांगितले की तुझा कोट इथे माझ्या डोक्यावर टांगलेला आहे, थंडी पडायच्या आत येऊन घेऊन जा, बापाला कळणारही नाही.

मित्रांनो, मी पुढाऱ्यांची भाषणे पोचवली होती, पण त्या दिवशी माझ्या पोटातली तार जशी थरथरली तशी कधी थरथरली नव्हती.

सुरुवातीला ते ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मग कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडाड गावाहून एका बाईचा निरोप आला, की माझाही मुलगा असाच आहे आणि हे मी कोणाला सांगितलेले नाही. मग आणखी निरोप आले. एके दिवशी लिओ कारखान्यातून आला तो थेट कपाटाशीच.

"घरातली घाण चव्हाट्यावर मांडतेस? आता कामावरची माणसं मला विचारायला लागलीत."

"काय विचारतात?"

लिओने आवाज खाली आणला. "डेसी कशी आहे म्हणून."

"आजवर विचारत होतं का कुणी?"

तो निघून गेला. नंतर बराच वेळ अंगणात लाकडे फोडल्याचा आवाज येत होता.

मग हिवाळा आला आणि तंबू उठवले गेले. कोरीन मोज्यांची आणि ब्लँकेटांची पिशवी घेऊन रोज फिरू लागली. रेल्वे रुळांपाशी, पुलांखाली, बंद दुकानांच्या मागे. फोटो दाखवायची. कोणी म्हणे, दिसली होती. कोणी म्हणे, डेन्व्हरला गेली. हे सगळे ती मला येऊन सांगायची. तिचा आवाज घोगरा होत गेला. "डेसी, तुला घरी यायचं नसेल तर नको येऊस," ती म्हणायची. "पण जिवंत आहे एवढं कळव. दगड मार खिडकीला आणि पळून जा."

त्याच कडाक्याच्या थंडीत नदीकाठी एका मुलीचे प्रेत सापडले. ओळख पटवायला कोरीनला बोलावले. ती परत आली आणि अंगातला कोटही न काढता माझ्यापुढे बसली. तिचे दात वाजत होते.

"ती डेसी नव्हती," ती म्हणाली. "तोंडावरची चादर काढली आणि ती डेसी नव्हती. आणि मला आनंद झाला. मी आज खोटं बोलणार नाही. समोर कुणाची तरी लेक मरून पडली होती आणि मला नाचावंसं वाटलं. गाडीत येऊन बसले तेव्हा कळलं मी काय केलं ते. देवा, मी कसली बाई झालेय."

यवॉन म्हणाली, हे लोकांना ऐकवू नकोस. कोरीनने ऐकवले.

काही दिवसांनी दुपारच्या वेळी दाराची घंटा वाजली. कपाट उघडेच होते. एका अनोळखी बाईचा आवाज आला.

"कोरीन अबेटा तुम्हीच ना?"

"हो."

"तुम्ही म्हणालात, ती तुमची नव्हती म्हणून तुम्हाला आनंद झाला." बाई पुढे म्हणाली, "ती माझी होती."

दार करकरत पूर्ण उघडले. कोरीन म्हणाली, "आत या." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मी ते काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर काढते."

"नको. मला सगळे सांगतात, ती सुटली, देवाघरी सुखात आहे. मला ते ऐकवत नाही. तुम्ही एकट्या खरं बोललात." बाईंचे नाव अर्लीन बाका होते. "बातमीत नुसतं 'एक महिला' लिहिलं होतं. मारिसा नाव होतं तिचं. ते मला सांगायचंय. तुमच्या त्या माइकवर बोलता येईल का?"

कोरीनने तिला बादलीवर बसवले आणि स्वतः माझी वायर हातात धरून जमिनीवर बसली, कारण तुटक्या जागी वायर हलली की आवाज जायचा. अर्लीनबाईंनी सांगितले की मारिसा शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची, आणि फार वाईट वाजवायची. तिला गाजर आवडत नसे. ती हसताना नाकातून आवाज काढायची. अर्लीनबाईंनी तो आवाज काढून दाखवला, आणि तिथेच त्यांचा धीर सुटला. दोघी रडत होत्या आणि माझी वायर मात्र जराही हलली नाही.

त्यानंतर त्या बादलीवर किती बाया येऊन बसल्या, मी मोजले नाही. कारखान्यातल्या एका दांडगट माणसानेही येऊन आपल्या भावाबद्दल सांगितले. कोरीन पुन्हा नगर परिषदेत गेली आणि या वेळी बोलली. आवाज कापत होता, पण वेळ संपली तरी बोलत राहिली, असे टोनी सांगत होता. तंबू उठवलेल्या पोरींसाठी चर्चच्या तळघरात झोपायची सोय झाली, ती मात्र थंडी संपेपर्यंतच. कोरीन रोज तिथे चक्कर मारायची. डेसी तिथे नव्हती.

वसंत ऋतूच्या तोंडावर, गरिबांना सूप वाटणाऱ्या एका बाईने यवॉनकडे निरोप दिला. यवॉन धापा टाकत घरात शिरली.

"जिवंत आहे. कोरीन, ती जिवंत आहे. रांगेत कुणाच्या तरी फोनवर तुझं बोलणं लागलं होतं, आणि ती कान लावून ऐकत होती. त्या बाईने हाक मारली तर टोपी ओढून निघाली. पण जाताना म्हणाली, आई सगळ्यांचं सांगते, मग बाबा का बोलत नाहीत."

लिओ तिथेच होता. त्याची खुर्ची करकरली. मग त्याची जड पावले कपाटापर्यंत आली आणि बादली त्याच्या वजनाने कुरकुरली. मी त्याचा श्वास ऐकत होतो. कोरीनलाही पहिल्यांदा असाच वेळ लागला होता, म्हणून तिने घाई केली नाही.

"डेसी," तो शेवटी म्हणाला. "बाप बोलतोय." बादली पुन्हा कुरकुरली. "तुझ्या खोलीतला हीटर मी चालूच ठेवतो. तुझी आई म्हणते, रिकामी खोली कशाला तापवायची. मी म्हणतो, असू दे." त्याने घसा साफ केला. "दाराला कुलूप नाही. कुत्रा भुंकायचा नाही, तो आता ठार बहिरा झालाय. कुणाला उठवायला नको, काही सांगायला नको. सरळ आत ये."

मित्रांनो, डेसी अजून आलेली नाही. कोरीन दर रविवारी बोलते. काही दिवस तिच्या बोलण्यात जोर असतो, काही दिवस ती मध्येच थांबते आणि तिला पुढे बोलवत नाही. मी आता थकलो आहे. माझ्या आवाजात खरखर येते. तरी ती मला फडक्याने पुसते, वायरीची पट्टी बदलते आणि फेकून देत नाही, म्हणून मी चालतो.

तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखा कोणी जुना सोबती धूळ खात पडला असेल, तर त्याला एकदा खाली काढा. तो अजून काम देईल. पण त्याहून मोठी माझी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरात एखाद्या माणसाचे नाव काढायचे सगळ्यांनी बंद केले असेल, तर आज जेवायला बसाल तेव्हा ते नाव काढा. सगळे गप्प झाले तरी पुन्हा काढा.