नातं नसल्याचा दाखला
माझा अर्ज फेटाळला गेला. पण तसं काही झालेलंच नाही असं समजून पुढे वाचा. मीही तसंच समजून, इस्त्रीचा शर्ट घालून कर-कचेरीत गेलो होतो.

मी घरं रंगवतो. नोकरी नाही, स्वतःचा धंदा आहे. म्हणजे साहेबही मीच आणि शिव्या खाणाराही मीच. भिंत खराब असेल तर आधी गिलावा लागतो. तो मला येत नाही, तो मामा करतात. मामा गवंडी आहेत. घरमालकाकडून सगळे पैसे मी घेतो, त्यातले गिलाव्याचे मामांना देतो. कर-कचेरीच्या भाषेत मामा माझे पोटकंत्राटदार. ज्याच्या पोटावर कुणीही पाय देऊ शकतो तो पोटकंत्राटदार, हा अर्थ मला नंतर कळला.

तर फॉर्मात एक रकाना होता: 'रक्कम कोणास दिली'. मी सरळ माणूस. लिहिलं, 'मामांना'. वर्षभराच्या बावीस पावत्यांवरही तेच.

महिन्याने पत्र आलं. 'कुटुंबीयांस दिलेली रक्कम धंद्याचा खर्च धरता येत नाही. सबब ती आपलेच उत्पन्न समजण्यात येत आहे.' म्हणजे घाम मामांनी गाळला, पैसे मामांनी नेले आणि त्यावर कर मी भरायचा. बरं, मामांनी तेच पैसे स्वतःच्या फॉर्मात इमानदारीने दाखवून कर भरून टाकला होता. एकाच भिंतीचे दोनदा पैसे घ्यायचे तर आम्हाला निदान दुसरा हात मारावा लागतो.

आकडा पाहिला. माझी लोखंडी परांची आणि दोन्ही शिड्या विकल्या तर जेमतेम भागणार होता. परांची गेली की उंच भिंती गेल्या, त्या गेल्या की धंदा गेला.

म्हणून फेरविचाराचा अर्ज घेऊन गेलो. खिडकी नंबर चारला एक मॅडम होत्या.

"मामा माझे मामा नाहीत," मी म्हणालो.

"मग कोणाचे आहेत?"

"कोणाचेच नाहीत. सगळेच त्यांना मामा म्हणतात."

"सगळ्यांचे आहेत आणि कोणाचेच नाहीत. हे कोणत्या रकान्यात लिहू, दादा?"

"मी तुमचा दादा आहे का?"

"अहो, बोलायची पद्धत असते."

"तीच पद्धत मी फॉर्मात लिहिली!"

तेवढ्यात मागून शिपाई गेला. मॅडम म्हणाल्या, "काका, जरा पंखा वाढवा."

"हे सख्खे की चुलत?" मी विचारलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "माणूस घेऊन या. पूर्ण नाव, सही, सगळं."

मी बाहेर येऊन फोन लावला. "मामा, तुमचं नाव काय?"

पलीकडून आवाज आला, "चार वर्षं माझ्या हातच्या भिंती रंगवतोयस. नाव आज विचारतोस होय रे?"

मला लाज वाटली. फार वेळ नाही, कारण मागे राग रांगेत उभा होता.

मामा आले. नखांत सिमेंट, खिशात पेन. कागदावर लिहून दिलं, 'मी या मुलाचा मामा नाही', आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

मॅडमनी कागद उलटा करून पाहिला. "आणि नातं नसल्याचा दाखला?"

"तो कुठे मिळतो?"

"कुठेच मिळत नाही. पण लागतो."

मामा म्हणाले, "बाई, आजवर मला पुष्कळांनी मामा बनवलं. शिक्का मारून बनवणाऱ्या तुम्ही पहिल्या."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आईने फोनवर सांगितलं तरी चालेल. मी आईला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"तुमचे भाऊ गवंडीकाम करतात का?" मॅडमनी विचारलं.

"छे हो! दोनच भाऊ मला, आणि दोघांनी कधी साधा खिळा ठोकलेला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मामांना रीत आठवली. फोनजवळ वाकून ते म्हणाले, "नमस्कार ताई. मी बोलतोय, स्वयंपाकघराचा गिलावा केला होता तो."

"अगं बाई, दादा, तुम्ही! जेवलात का? किती दिवसांत घरी नाही आलात!"

मॅडमनी 'ताई' लिहिलं, 'दादा' लिहिलं, आणि दोन्ही शब्दांखाली पट्टीने रेघ मारली.

"अहो, ती भाजीवाल्यालाही दादा म्हणते!" मी ओरडलो. "मीटर वाचायला येतो त्यालाही! परवा राँग नंबर लागला, तोही दादा! माझे आजोबा काय धर्मशाळा चालवत होते?"

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या आणि अर्जावर 'नामंजूर'चा शिक्का मारला.

मामांनी मला बाकावर बसवलं. हळूच म्हणाले, "परांची विकू नकोस. माझे यंदाचे पैसे राहू दे तुझ्याकडेच."

कर भरून मोकळा झालेला तो एकटा माणूस, आणि खिशात हात घालणाराही तोच. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी शिपाईकाकांकडून कोरा कागद मागून घेतला आणि बाकावरच लिहिलं:

'माननीय अधिकारी यांस,

आपण सदर गवंड्यास माझे मामा ठरविले आहे. तरी विनंती की, त्यांस माझ्या आजोबांचे तिसरे पुत्र म्हणून मागील तारखेपासून मान्यता द्यावी. आदेशात 'मामा' असे न लिहिता त्यांचे पूर्ण नाव लिहावे. आजोबांच्या तीन खोल्यांपैकी एक त्यांच्या नावे करावी. आणि हा निर्णय माझ्या दोन्ही सख्ख्या मामांना आपल्या अधिकाऱ्याने स्वतः घरी जाऊन, दोघांना एकत्र बसवून, मोठ्याने वाचून दाखवावा. त्याच खोल्यांवरून ते नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नसल्याने हे काम कुटुंबीयांकडून होण्यासारखे नाही.'