लाल खूण उजव्या कानाला

अध्यक्षसाहेब, तुम्हाला ठाऊक होतं. हरिप्रसादला ठाऊक होतं हे तर उघडच आहे, तो स्वतःच्या हातानं करत होता. पण तुम्ही खुर्चीत बसून, शाल पांघरून, डोळे मिटून सगळं जाणत होतात, आणि तुमच्यासमोर शेषम्मा अक्काचा कान मेला. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, मठातली मराठी पदंसुद्धा तुम्ही तमिळ अक्षरांत लिहून गाता, हे मला माहीत आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या. समजलं नाही म्हणू नका. घरी तुम्ही मराठीच बोलता.

बाकीच्यांना आमचा मठ ठाऊक नाही, म्हणून आधी गर्दी सांगतो.

तंजावूरच्या राजवाड्यामागे, गल्लीत, आम्हा मराठी घरांचा भजनमठ आहे. शनिवारी संध्याकाळी मधोमध मोठी समई लावायची आणि गाणाऱ्यांनी तिच्याभोवती फेर धरून, प्रदक्षिणा घालत पदं म्हणायची, ही आमची जुनी रीत. पूर्वी फेर धरायला माणसं पुरत नसत. आता कुंभकोणम, ओरत्तनाडु, थेट चेन्नैहून व्हॅन यायला लागल्या. चपलांचा ढीग फार्मसीच्या दारापर्यंत. आणि ही माणसं भजनाला येत नव्हती. भजन आटोपेपर्यंत मोबाइल बघत बसायची. ती यायची 'श्रवणप्रसादा'ला.

श्रवणप्रसाद म्हणजे हेडफोन. मागच्या शनिवारचं भजन त्यातून ऐकायचं. रांगेत बसवत, डोळे मिटायला सांगत, हेडफोन चढवत. थोड्या वेळात एखादी बाई हुंदका द्यायची, एखादा धट्टाकट्टा बँकवाला गर्रकन मागे वळून ओरडायचा, "पाठीमागे! अय्यो, पाठीमागे उभे आहेत!"

पाठीमागे भिंत.

मठाचे स्वामी जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी हेडफोन घातला की ते गात गात आपल्याभोवती फिरत. उजवीकडून मागे, मागून डावीकडे, डावीकडून समोर. आणि मध्येच डाव्या कानाशी इतके जवळ येत की श्वास लागल्यासारखा वाटे. त्यांच्या त्या नाकातल्या आवाजात म्हणत, "भिऊ नको, बाळ. मी आहे."

मीही ऐकलं. माझ्याही अंगावर काटा आला. खोटं का बोलू?

हरिप्रसाद हा स्वामींचा जुना शिष्य. तो रांगेपुढे येरझारा घालत बडबडायचा, "टीव्हीचं गाणं डोक्याच्या आत वाजतं. स्वामी डोक्याच्या बाहेर फिरतात! का? टीव्हीला आत्मा नाही! हेच स्पीकरवर लावून पाहा. येतात का स्वामी? नाही येत. लग्नाच्या कल्याणमंडपात वाजायला स्वामी म्हणजे काय सिनेमाचं गाणं? एकेकाच्या कानात येतात ते. ज्याचं मन शुद्ध, त्याला पूर्ण फेरा. ज्याच्या मनात खोट, त्याला अर्धा!"

आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही दर वेळी माइकवरून एकच सूचना द्यायचात: "लाल खूण उजव्या कानाला. चुकवू नका. उलटं घातलं तर दोष लागतो." ही सूचना लक्षात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

समईशेजारी स्वामींचं मुख ठेवलेलं असे. डोलणाऱ्या बाहुल्या करणाऱ्या कारागिराकडून कागदाच्या लगद्याचं करवून घेतलेलं, माणसाच्या डोक्याएवढं. कान मात्र मऊ रबराचे, आणि कानांवर मल्लिगेचे गजरे. फेर चालू असताना हरिप्रसाद सर्वांत आतून, मुखाला लागून, हळू आवाजात गात फिरायचा आणि अधूनमधून वाकून त्या मुखाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. भक्तांची गाऱ्हाणी पोचवतो म्हणे. आम्ही हात जोडायचो.

आता शेषम्मा अक्का. ती आमच्या फेराचा आवाज. झांजा तिच्या हातात, पहिली ओळ तिची. एके सकाळी ती उठली आणि डाव्या कानात नुसता घूं घूं आवाज. बाहेरचं काही नाही. त्याच शनिवारी तिनं हेडफोन लावला आणि घाबरून नवऱ्याकडे, वेंकटरावाकडे, बघितलं.

"अहो, मज अर्धेच दिसतात... ऐकू येतात. उजवीकडे येतात, मग जातात. कुठं जातात कळेना."

हरिप्रसादनं ते मोठ्यांदा सांगितलं. सगळ्या रांगेला. "शेषम्मांना अर्धा फेरा!"

लोक कसे बघायला लागले ते मी पाहिलं आहे. तिच्याच हातचा पोंगल खाऊन वाढलेले लोक. कोपऱ्यातली एक म्हणाली, "वरून गोड बोलते हो. आत काय आहे ते स्वामींना ठाऊक." झांजा दुसरीच्या हातात गेल्या. अक्काला फेराबाहेर, दाराशी उभं केलं.

वेंकटराव तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला होता. तुम्ही अडवलंत. "वेंकटराव, हा कानाचा रोग नव्हे. स्वामींनी तोंड फिरवलंय. एक मंडल व्रत करू दे. व्रतात औषध घेतलं तर दार कायमचं बंद." वेंकटराव तालुका कचेरीत आयुष्यभर वरच्याची सही पाहून मान हलवत आलेला माणूस. त्यानं इथंही मान हलवली. अक्का मीठ सोडून, जमिनीवर झोपून, मंडलाचे अठ्ठेचाळीस दिवस पाळत राहिली.

मंडल संपलं त्याच आठवड्यात दक्षिण वीथीवर तिला स्कूटरनं पाडलं. हॉर्न तिला ऐकू आला होता. डावीकडून की उजवीकडून, ते कळलं नव्हतं. ती स्कूटरच्या बाजूलाच सरकली. मनगट मोडलं.

हाड बसवणाऱ्यांनी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी तपासलं आणि विचारलं, "कधीपासून?" उत्तर ऐकून त्या वेंकटरावावर ओरडल्या. म्हणाल्या, असा अचानक गेलेला कान पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत औषध दिलं तर पुष्कळांचा परत येतो. सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा. आता काही हाती नाही.

मनगटाची बातमी ऐकून अक्काची भाची भुवना चेन्नैहून आली. ती संगीतसभांमधल्या कच्चेऱ्यांचं, म्हणजे मैफलींचं, रेकॉर्डिंग करते. वीणेपुढे कोणता माइक ठेवायचा, मृदंगापासून किती लांब, यावर ती जेवताना भांडते. तिनं रांगेत बसून श्रवणप्रसाद घेतला. डोळे मिटले नाहीत. हेडफोन काढला, समईशेजारचं मुख पाहिलं, रबराचे कान पाहिले, आणि हसली.

"अण्णा, मज एक पूसणी आणून द्या," ती मला म्हणाली. "डोक्याएवढी."

पूसणी म्हणजे आमच्याकडे दृष्ट काढून चौकात फोडतात तो भोपळा. मी आणला. तिनं कोळुकट्टैसाठी, म्हणजे मोदकांसाठी, भिजवलेल्या तांदळाच्या पिठाचे दोन कान थापून भोपळ्याला चिकटवले. प्रत्येक कानाच्या भोकात शर्टाला अडकवतात तसला बारीक माइक बसवला. अक्काच्या अंगणात तो भोपळा स्टुलावर ठेवून म्हणाली, "फिरा याच्याभोवती. काय हवं ते म्हणा."

मी फिरलो. गाणं येत नाही, म्हणून शिव्या दिल्या. मग हेडफोन लावला, आणि मीच माझ्याभोवती फिरत मला शिव्या देत होतो. पाठीमागून!

"स्वामी झालात, अण्णा," भुवना म्हणाली. "पाया पडू?"

मग तिनं समजावलं. आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि मोठा पोचतो, उजव्याला किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडून, दबका. तेवढ्यावरून मेंदू दिशा सांगतो. कच्चेरीत माइक वादकांपुढे ठेवतात, कारण मंचच ऐकवायचा असतो. इथं सगळीकडून सारखं ऐकणारे दोन माइक डोक्याच्या दोन कानांत ठेवून माणसं डोक्याभोवती फिरवली. तेच हेडफोननं आपल्या दोन कानांत सोडलं की आपण त्या डोक्याच्या जागी. स्पीकरवर दोन्ही बाजूंचे आवाज दोन्ही कानांत मिसळतात, म्हणून तिथं 'स्वामी येत नाहीत'. आणि ज्याचा एक कान गेलाय, त्याला फेरा ऐकूच येणार नाही. नुसतं मोठं होईल, बारीक होईल.

"म्हणजे मावशीचं पाप एवढंच," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

पुढच्या शनिवारी मठ भरलेला. हरिप्रसादची बडबड रंगात आली होती. भुवना उभी राहिली.

"मामा, स्वामी प्रदक्षिणा घालतात ना?"

"डोळे मिटून ऐक, पोरी, कळेल!"

"देवाला डावी घालून उलटे कधी फिरायचे नाहीत ना ते?"

लोक हसले. हरिप्रसाद कानांवर हात ठेवून म्हणाला, "शिव शिव! अप्रदक्षिणा? स्वामी?"

भुवनानं रांगेतल्या बँकवाल्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, फिरवला, लाल खूण डाव्या कानाला आली. "आता सांगा, साहेब. स्वामी कुठून कुठं जातात?"

तो ऐकत राहिला. बोटानं हवेत फेरा काढायला लागला. मग बोट थांबलं. "उलटे... उलटे फिरतात!"

मग सगळ्यांनीच हेडफोन उलटे घातले. अख्ख्या रांगेची बोटं हवेत, उलटी फिरत. हरिप्रसाद ओरडत होता, "दोष लागेल! काढा! दोष लागेल!" कुणीतरी म्हणालं, "काय हो, बाजू बदलली की तुमचे स्वामी धर्म सोडतात?"

तेवढ्यात वेंकटराव समईकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता. गजरा बाजूला केला, मुखाच्या कानात बोट घातलं, आणि मळ काढावा तशी एक बारीक काळी तार ओढायला लागला. तार येतच राहिली.

"आणि 'भिऊ नको, बाळ' कोण म्हणायचं, मामा?" भुवनानं विचारलं. "तुम्ही वाकून गाऱ्हाणी पोचवायचात, तेव्हा?"

हरिप्रसादनं तोंड उघडलं. घाबरून त्याचा आवाज नाकातून निघाला. अगदी स्वामींचा.

लोकहो, ज्या चमत्काराला हेडफोनची बाजू सांभाळावी लागते, तो चमत्कार नसतो, जोडणी असते. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला काही दाखवलं, तर ते उलटं घालून पाहा, स्पीकरवर लावून पाहा, हात घालून पाहा. दोष लागेल म्हणाला, तर आधी हात घाला. आणि कान गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दिशा दोन कानांनी कळते. या लोकांनी आम्हाला खोटी दिशा विकली आणि अक्काची खरी दिशा घेतली.

अध्यक्षसाहेब, आता तुम्ही. श्रद्धेनं डोळे मिटणाऱ्याला लाल खुणेची काळजी नसते. स्वामी उलटे फिरतील हे ज्याला आधीच कळलं होतं, तोच ती सूचना देऊ शकतो. भोळे होतो म्हणून सांगू नका.

त्या संध्याकाळी गलका थांबल्यावर शेषम्मा अक्का दारातून आत आली. मनगट प्लास्टरमध्ये. तुमच्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे मी पापी नव्हते?"

तुम्ही खुर्चीतून उठलात, शाल सावरलीत, तिच्या जवळ गेलात, वाकलात आणि कानात काहीतरी बोललात. मग मागच्या दारानं निघून गेलात. लोकांना वाटलं, माफी मागितली. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले.

अक्का मात्र आमच्याकडे बघत विचारत होती, "काय बोलले? काय बोलले ते?"

तुम्ही डाव्या कानात बोललात. कोणता कान मेलाय हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?

ती अजून रोज विचारते. या शनिवारी या, तिच्या उजव्या बाजूला उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगा: त्या मेलेल्या कानात तुम्ही काय बोललात?