लाइलची खुर्ची

गटोपचार, म्हणजे ग्रुप थेरपी, करणाऱ्यांचं वार्षिक अधिवेशन म्हणजे शिकागोच्या मोठ्या हॉटेलात भरणारा बोलघेवड्यांचा बाजार. वर्षभर दुसऱ्यांना गोलात बसवून बोलतं करणारी ही मंडळी इथे स्वतः गोलात बसतात, दोन दिवस एकमेकांची मनं उसवतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. प्रमाणपत्राशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नाही, म्हणून सगळ्यांनाच आत्मशोधाची भारी ओढ.

व्हर्ना लिंडक्विस्ट मात्र डुलुथहून खरोखरच काहीतरी विचारायला आली होती. तिच्या मंगळवारच्या गटातल्या लाइलने गेल्या आठवड्यात जीव दिला होता. आता त्याच्यामागे उरलेले सहा जण पहिल्यांदा एकत्र बसणार होते. त्याची खुर्ची गोलात ठेवायची की काढायची? गटातल्या एका बाईने फोनवर सांगितलं होतं, खुर्ची काढलीत तर मी परत पाऊल ठेवणार नाही. दुसरा म्हणाला होता, रिकामी खुर्ची समोर दिसली तर मला बसवणार नाही. एक चूक झाली की गट मोडणार आणि एकेक जण एकटा पडणार, या धास्तीने व्हर्नाची झोप उडाली होती. एवढे विद्वान जमतात, कुणीतरी सांगेल, असं त्या भाबडीला वाटलं.

अधिवेशनातल्या तिच्या गोलाचे म्होरके होते डॉक्टर कॉनराड शेफ्लर. पांढरी दाढी, मऊ आवाज आणि एकच नियम: जे बोलायचं ते या खोलीतलं, या क्षणाचं. बाहेरच्या गोष्टी बाहेर. शिवाय प्रश्नाला उत्तर देणं त्यांच्या लेखी पापच. कुणी स्वच्छतागृह कुठे आहे असं विचारलं असतं, तरी त्यांनी आधी त्या विचारण्यामागची भावना विचारली असती.

पहिल्या दिवशी ड्वाइट नावाचा गृहस्थ पाच मिनिटं उशिरा आला आणि सकाळ त्या उशिराच्या चर्चेतच गेली. गोलातल्या पॉलेट नावाच्या बाईला त्यावरून वडील आठवले. वडील खोलीबाहेरचे, म्हणून तिला थांबवलं. थांबवलं म्हणून ती रडली, आणि जेवणानंतरचा सगळा वेळ त्या रडण्याच्या सरबराईत गेला. व्हर्नाने तोंड उघडलं, तर आपलं रडणं ती चोरतेय असा पॉलेटने आरोप केला. या बाईकडे स्वतःचे रुग्ण आहेत, हे आठवून व्हर्नाच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती एका दमात बोलून गेली. लाइलचं सांगितलं, खुर्चीचं विचारलं.

मग कॉनराड हळुवारपणे म्हणाले, "व्हर्ना, लाइल इथे नाही. तू आहेस. या क्षणी आमच्याबद्दल तुला काय वाटतंय?"

"मला खुर्चीचं विचारायचंय."

"आणि उत्तर काय मिळावं असं तुला वाटतं?"

ड्वाइट म्हणाला, ती मुद्दाम सगळ्यांना घाबरवतेय. पॉलेट म्हणाली, मला राग आलाय आणि तो मोकळेपणाने सांगता आला याचा आनंद आहे. त्याबद्दल सगळ्यांनी पॉलेटचं अभिनंदन केलं.

व्हर्ना उठली. "तुम्हा सगळ्यांचा मला वीट आलाय. हे याच खोलीतलं आहे आणि याच क्षणाचं."

वेळेआधी गेल्यास प्रमाणपत्र मिळत नाही, याची कॉनराडनी त्याच मऊ आवाजात आठवण करून दिली. ते तुमच्याकडेच ठेवा, असं सांगून ती बाहेर पडली.

कोट चढवताना तिला अर्धवट मिटलेल्या दारातून आतला कालवा ऐकू आला. भांडण तिच्या खुर्चीवरून चाललं होतं. ड्वाइटला ती काढून गोल पुरा करायचा होता. पॉलेट खुर्चीला हात लावू देत नव्हती, कारण तिचं रागावणं अजून संपलं नव्हतं. शेवटी कॉनराड म्हणाले, "राहू द्या. ती आपल्यात होती."

म्हणजे या माणसाला उत्तर देता येत होतं. कोट घालून लिफ्टकडे निघालेल्या बाईच्या खुर्चीसाठी ते लगेच सापडलं. व्हर्नाला असा संताप आला की परत आत जाऊन एकेकाला हलवावंसं वाटलं. एवढी माणसं तावातावाने बोलत होती आणि त्यात लाइलचं नाव एकानेही घेतलं नव्हतं.

लिफ्टची वाट पाहताना तिची धास्ती मात्र ओसरली. मंगळवारी गोलात बसताक्षणी ती पहिला शब्द लाइल हाच उच्चारणार होती. खुर्चीचं काय करायचं, ते मग त्याच्यासाठी रडणारी ती सहा माणसं ठरवतील.